एकटा लॅम्डा काय सांगतो?

पेट्रोल गाडीच्या पीयूसी प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनच्या जोडीला आणखी एक आकडा छापलेला असतो. गाडीमालक तो सहसा वाचत नाही. तो असतो लॅम्डा. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांची ही तपासणी गाडी उभी ठेवून, इंजिन मिनिटाला साधारण २५०० फेऱ्यांवर धरून होते. कंपनीने वेगळी मर्यादा जाहीर केली नसेल, तर लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान यावा लागतो. तसा आला आणि इतर आकडेही मर्यादेत असले, की गाडी पास.

पण टर्बो पेट्रोल गाडीच्या बाबतीत खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बो हवा कोंबतच नाही. तीच गाडी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरहून जिवतीचा चढ चार माणसं आणि सामान घेऊन चढते, तेव्हा हवा आणि इंधनाचं प्रमाण पार वेगळं असू शकतं, आणि ते पीयूसीच्या कागदावर कुठेच येत नाही. ते पाहायचं तर स्कॅनर लावावा लागतो किंवा वेगळा मीटर बसवावा लागतो. मीटर बसला, की वादही येतो. एक जण म्हणतो ११.८ हवं, दुसरा म्हणतो १२.५, तिसरा म्हणतो कंपनीची गाडी १४.७ सोडतच नाही. तिघांच्याही म्हणण्याला आधार आहे. या सगळ्या मतांचा आढावा घेतला, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मीटरवरचा आकडा फक्त एक्झॉस्टमध्ये उरलेल्या ऑक्सिजनबद्दल बोलतो. इंजिनाबद्दल काही ठरवायचं तर सोबत दुसरा पुरावा लागतो.

आकडा येतो कुठून

१ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष मिळालेल्या हवेला या गरजेने भागलं, की लॅम्डा मिळतो. १ म्हणजे नेमकं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त, मेकॅनिकच्या भाषेत ‘रिच’. १ पेक्षा जास्त म्हणजे हवा जास्त, ‘लीन’. मीटरवर ११.८ दिसलं तर लॅम्डा साधारण ०.८०, १२.५ म्हणजे ०.८५ आणि १३.२ म्हणजे ०.९०.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर झिर्कोनियाचा असतो. बॉशने तो तयार केला आणि १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हॉल्व्होमध्ये तो प्रथम बसला. झिर्कोनियाची भिंत पुरेशी तापली, की तिच्या दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे व्होल्टेज निर्माण होतं. रिच असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर ०.१ च्या आसपास, आणि मधली उडी ०.४५ ला. हा जुना ‘नॅरोबँड’ सेन्सर एवढंच सांगतो, की आपण १ च्या अलीकडे आहोत की पलीकडे. किती अलीकडे, हे तो भरवशाने सांगू शकत नाही. त्याच्या व्होल्टेजवर हिरवे-पिवळे-लाल दिवे लावणारे स्वस्त मीटर टर्बो गाडीला निरुपयोगी ठरतात ते यामुळेच.

‘वाइडबँड’ सेन्सर वेगळ्या युक्तीने चालतो. त्यात एक छोटी कोठडी असते. कोठडीतला वायू कायम लॅम्डा १ वर राहावा म्हणून विजेच्या प्रवाहाने ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलला जातो. किती प्रवाह लागला, यावरून लॅम्डा काढतात. प्रवाह शून्य म्हणजे लॅम्डा १. सेन्सरला हे काम करायला सुमारे ७५० अंशांच्या वर तापून राहावं लागतं, म्हणून त्यात हीटर असतो. म्हणजे वाइडबँड मोजतो ऑक्सिजन, त्यावरून काढतो लॅम्डा, आणि हवा-इंधन प्रमाण हा मीटरने शेवटी केलेला गुणाकार असतो.

माणिकगड, आवारपूर, उप्परवाही, नारंडा या सिमेंटच्या पट्ट्यात ही मोजणी मुळीच परकी नाही. भट्टीच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजल्याशिवाय कोळसा किती सोडायचा ते ठरत नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या बॉयलरमध्ये तर झिर्कोनियाचेच प्रोब सर्रास वापरतात. तिथे धुरात साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन म्हणजे गरजेपेक्षा सुमारे २० टक्के जास्त हवा, अर्थात लॅम्डा १.२. पण कंट्रोल रूममधला माणूस नुसत्या ऑक्सिजनवर कधी विसंबत नाही. शेजारीच कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. ऑक्सिजनही भरपूर आणि मोनॉक्साइडही भरपूर, असं दिसलं तर हवा जास्त झाली असं तो म्हणत नाही. हवा आणि कोळसा नीट मिसळले नाहीत, ज्वाला बिघडली आहे, असं म्हणतो. पीयूसी केंद्रावरचं यंत्रही चार वायू मोजून मग लॅम्डाचं गणित करतं. गाडीच्या डॅशबोर्डवरचा मीटर मात्र एकट्या ऑक्सिजनवर चालतो. त्याच्या बहुतेक फसगती इथूनच निघतात.

टर्बोने काय बदलतं

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये एक्झॉस्टमधल्या ऊर्जेवर हवा दाबण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. महाराष्ट्रात टर्बो पेट्रोल गाडी घरोघरच्या बजेटमध्ये आली ती गेल्या दशकभरात. पुण्याजवळ चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये नेक्सॉन आणि २०१९ मध्ये एक्सयूव्ही ३०० आली. त्यानंतर १ ते १.५ लिटरचं टर्बो इंजिन ही नेहमीची गोष्ट झाली.

दाबलेली हवा तापते, आणि किती तापते ते आपल्या भागात नीट समजून घ्यायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ४५ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १४५ अंशांनी बाहेर पडते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांची हवा त्याच दाबावर १०० अंशांच्या आसपास असते. पुढे इंटरकूलर तिला थंड करतो, पण सिमेंटच्या ट्रकमागे रांगत जाणाऱ्या गाडीच्या इंटरकूलरला वारा मिळत नाही, आणि त्याच्या जाळीत राख-सिमेंटची धूळ बसलेली असेल तर तो आणखी मंदावतो. गरम हवा विरळ असते; ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के हलकी. आणि गरम हवा नॉकिंगला आमंत्रण देते. ठिणगीची ज्वाला पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, ‘टकटक’ ऐकू येते, आणि टर्बोच्या दाबाखाली हे चालू राहिलं तर पिस्टनची कड तुटू शकते.

यावर जुना उपाय म्हणजे इंधन वाढवणं. पेट्रोल इंजिनात लॅम्डा १ च्या खाली आणला, की जादा इंधन पूर्ण जळत नाही. ते बाष्प होताना उष्णता शोषतं, ज्वालेचं आणि एक्झॉस्टचं तापमान उतरतं. जास्तीत जास्त ताकद साधारण ०.८५ ते ०.९० ला मिळते. त्याखाली इंधन टाकलं तर ताकदीसाठी ते नसतं, ते निव्वळ थंडाव्यासाठी असतं. रेसिंगवाले आणि ट्यूनर टर्बोखाली ११.५ ते १२.५ धरतात ते या हिशोबाने. त्यात शहाणपण आहे, कारण त्यांनी टर्बोचा दाब वाढवलेला असतो आणि इंजिन वाचवायला हा उपाय सहज हाताशी असतो.

दुसरी बाजू उत्सर्जनाची. पेट्रोल गाडीचा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या जेमतेम एक टक्का अलीकडे-पलीकडेच तिन्ही वायू साफ करतो. ०.८० वर गेलं, की त्याच हवेसाठी सव्वापट इंधन जातं, एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड कित्येक टक्क्यांवर पोहोचतो आणि तो साफ करायला कन्व्हर्टरकडे ऑक्सिजनच नसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि १ एप्रिल २०२३ पासून चालत्या गाडीची रस्त्यावर चाचणी आली, तसा भाराखालीही १ सोडू नये असा दबाव वाढला. कंपन्यांनी वेगळे उपाय शोधले. फोर्डने २०१३ मध्ये इकोस्पोर्टमधून भारतात आणलेल्या १ लिटर इकोबूस्टमध्ये एक्झॉस्टचे मार्ग सिलिंडर हेडमध्येच ओतले, म्हणजे टर्बोत जाण्याआधी वायू कूलंटमुळे थंड होतो. बीएमडब्ल्यूने २०१६ च्या एम-४ जीटीएसमध्ये चक्क पाणी फवारलं. उद्देश एकच, पेट्रोल टाकून थंडावा विकत घ्यायचा नाही.

या दोन मतांमध्ये निवड करायची गरज नाही, कारण आजची कंपनीची गाडी दोन्ही करते आणि त्यामुळेच तिचे आकडे गोंधळात टाकतात. इंजिनाचा संगणक टर्बोच्या तोंडाशी किती तापमान असेल याचा सतत अंदाज घेत असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तरी पहिली काही सेकंदं लॅम्डा १ वरच राहू शकतो. भाग तापले असा अंदाज आला, की तो ०.९, ०.८५ असा खाली उतरतो. तोच चढ डिसेंबरमध्ये चढताना मीटर १४.७ वर टिकतो आणि मे महिन्यात अर्ध्या वाटेत १२.५ दाखवतो. यावरून सेन्सर गेला असं म्हणणं चूक. संगणकाला जे करायला सांगितलं आहे तेच तो करतो आहे.

ई-२० नंतरचा घोळ

सर्वात जास्त गैरसमज सध्या इंधनावरून आहेत. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला ९ पटच हवा लागते. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १४.१ आणि २० टक्क्यांच्या पेट्रोलला, म्हणजे ई-२० ला, सुमारे १३.५. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत देशभर पंपांवर तेच मिळू लागलं.

म्हणजे मीटरवर आता १३.५ दिसायला हवं का? नाही. वाइडबँड लॅम्डा मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणतो. टाकीत ई-२० असो की शुद्ध पेट्रोल, लॅम्डा १ असेल तर मीटर १४.७ च दाखवणार. टर्बोखाली ११.८ दिसलं, तर लॅम्डा ०.८० च आहे, जरी प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण १०.८ असलं तरी. ‘इथेनॉल आलं, आता लक्ष्य १०.८ धरू’ असं म्हणून कुणी मीटर पाहत इंधन वाढवलं, तर लॅम्डा ०.७३ वर जाईल. प्लग काळे पडतील, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरेल. सोपा उपाय म्हणजे मीटर लॅम्डा दाखवण्यावर ठेवावा. इंधन कोणतंही असो, १ म्हणजे १. सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉनच्या रूपाने टर्बो इंजिनावर सीएनजीही आला; त्यातल्या मिथेनला १७.२ पट हवा लागते. दोन इंधनांवर चालणाऱ्या अशा गाडीत १४.७ च्या मापाला अर्थच उरत नाही.

इथेनॉलचा दुसरा परिणाम संगणकात दिसतो. तेवढीच हवा जाळायला ई-२० जास्त प्रमाणात फवारावं लागतं, म्हणून जुन्या कॅलिब्रेशनच्या गाडीत ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ (संगणकाने इंधनात केलेली कायमची भर-घट) वर चढतो. ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई-१० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के धरली होती. पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि बाष्प होताना तो पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता शोषतो. गरम प्रदेशातल्या टर्बो इंजिनाला नॉकिंगच्या बाबतीत हा फायदा मिळू शकतो, मात्र तो घेता येईल असं कॅलिब्रेशन गाडीत असलं पाहिजे.

आकडा फसवतो त्या जागा

सगळ्यात घातक फसगत मिसफायरची. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तिथलं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर येतात. सेन्सरला त्यातला ऑक्सिजन दिसतो, आणि मीटर ‘लीन’ म्हणतो. त्यावर विश्वास ठेवून इंधन वाढवलं, की मिसफायर आणखी वाढतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळतो. बॉयलरचा माणूस ज्या मोनॉक्साइडमुळे सावध होतो, तो पुरावा इथे नसतो; म्हणून आधी प्लग, कॉइल आणि मिसफायरची नोंद पाहायची.

दुसरी जागा गळतीची. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला चीर असेल, तर आयडलिंगला बाहेरची हवा आत खेचली जाते आणि आकडा खोटा लीन येतो. याउलट टर्बो आणि इंजिनामधला होस पाइप फाटला आणि गाडीत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असेल, तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, इंधन मात्र पूर्ण पडतं आणि मिश्रण रिच होतं. गाडी उचलत नाही, मागे काळा धूर येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजून हिशोब करणाऱ्या गाडीत तीच फाट आकड्यात फारशी दिसत नाही, दम तेवढा कमी होतो. म्हणजे लक्षण वाचण्याआधी आपली गाडी हवा कशी मोजते हे माहीत हवं. एअर फिल्टर सिमेंटच्या धुळीने चोंदला, तरी मिश्रण साधारण ठीकच राहतं; टर्बोला तेवढाच दाब द्यायला जास्त फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते. पण तीच धूळ एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसली, तर तो हवा कमी मोजतो आणि मिश्रण लीन होऊ लागतं.

तिसरी जागा खुद्द सेन्सरची. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा दाब खूप असतो आणि वाइडबँड त्या दाबाने रिचला जास्त रिच, लीनला जास्त लीन दाखवतो. म्हणून वेगळा मीटर लावताना सेन्सर टर्बोनंतर आणि कन्व्हर्टरच्या आधी, तेही पाणी साचू नये म्हणून तिरपा बसवतात. सिलिकॉन सीलंट, कूलंटची गळती आणि ऑइलचा धूर त्याला हळूहळू मारतात. शिवाय तो सगळ्या सिलिंडरांची सरासरी सांगतो. एक इंजेक्टर अर्धवट तुंबला असेल, तर सरासरी ठीक दिसूनही एक सिलिंडर लीन जळत असतो.

आणि एक जागा नव्या इंजिनांची. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे ठेवतात. ताजी हवा आरपार जाऊन उरलेला धूर बाहेर ढकलते. ती हवा जळलेली नसते, पण सेन्सरला दिसते. अशा वेळी एक्झॉस्टमध्ये लॅम्डा १ आणि सिलिंडरच्या आत मात्र रिच, असं असू शकतं. घाटात वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटलेली गाडी नेमकी याच टापूत असते.

डिझेलला हे नियम लागू नाहीत

गडचांदूरच्या रस्त्यांवर टर्बोची मक्तेदारी खरं तर डिझेलची आहे. सिमेंटचे ट्रक आणि बोलेरो, दोघांतही टर्बो आहे. पेट्रोलवर शिकलेला नियम इथे उलटा पडतो. डिझेल कायम लीन चालतं. आयडलिंगला हवा इंधनाच्या ६० पटीच्याही वर असते आणि पूर्ण भारावर लॅम्डा १.२ ते १.४ च्या आसपास येतो. त्याखाली धूर सुरू होतो. पेट्रोल इंजिनात रिच केलं की एक्झॉस्ट थंड होतो. डिझेलमध्ये जेवढं इंधन वाढवाल तेवढा तो तापतो. ‘पंप वाढवला’ की ट्रक उचलतो, हे खरं. पण सोबत काळा धूर आणि तापलेला टर्बोही येतो. डिझेलच्या पीयूसीत लॅम्डाऐवजी धुराची घनता मोजतात ती याचमुळे. चढावर धूर मारणारा ट्रक पाहिला, तर आधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे पाइप बघावेत. हवा कमी पडत असते, इंधन जास्त झालेलं असतंच असं नाही.

मग वाचायचं कसं

न छेडलेल्या पेट्रोल टर्बो गाडीत आयडलिंग आणि संथ चालीत लॅम्डा १ भोवती हलत राहणं हे ठीक. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मीटर एकदम टोकाच्या लीनवर जातो, तेव्हा संगणकाने इंधन बंद केलेलं असतं. घाबरण्याचं कारण नाही. अचानक दाबल्यावर क्षणभर लीनचा झटका येणंही समजण्यासारखं. दाबाखाली ०.८५ ते १ यातलं काहीही कंपनीच्या हिशोबाने योग्य असू शकतं. मात्र दाब वाढवून ट्यून केलेल्या गाडीत पूर्ण भारावर ०.९५ च्या वर आकडा टिकला, तर पाय तिथेच उचलावा. अशा बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचं बंधन आहे, हेही विसरू नये.

सर्वात उपयोगी वाचन दोन आकड्यांचं. स्कॅनर ‘कमांडेड’ म्हणजे संगणकाने मागितलेला लॅम्डा दाखवतो आणि सेन्सरने मोजलेलाही. दोन्ही ०.८५ असतील तर इंजिन ठरवल्याप्रमाणे चाललंय. मागितलं ०.८५ आणि मिळालं ०.९५, तर फ्युएल पंप किंवा इंजेक्टर कमी पडतोय का ते तपासायचं. मागितलं १ आणि ट्रिम २० टक्क्यांवर चढलाय, तर इथेनॉलने एवढं होत नाही. गळती किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर शोधायचा.

रिच की लॅम्डा १, हा वाद तज्ज्ञांमध्ये अजून मिटलेला नाही आणि ज्याची गाडी कंपनीच्या कॅलिब्रेशनवर आहे, त्याने तो मिटवायला जाऊही नये. संगणकाचं कॅलिब्रेशन बदलून, म्हणजे रीमॅप करून देणारा कुणी ‘इतकाच आकडा बरोबर’ असं छातीठोक सांगू लागला, तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. तो आकडा लॅम्डा आहे की १४.७ च्या मापावरचा? कोणत्या इंधनावर घेतला? किती दाब, किती फेऱ्या आणि किती गरम हवेवर? आणि त्याच वेळी नॉकिंगची आणि मिसफायरची नोंद काय होती? ज्याच्याकडे चारही उत्तरं आहेत, त्याचा आकडा थोडा वेगळा असला तरी त्याच्याकडे गाडी द्यायला हरकत नाही. ज्याच्याकडे फक्त आकडा आहे, त्याच्याकडे ती चढावर तपासायलाही देऊ नये.